वात्सल्य नावाचं चित्र

त्या दिवशी सकाळी माझी बायको चित्र रंगवताना खाली पडली. मी रुग्णवाहिका बोलावली. दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन ती गेल्याचं सांगितलं. मी घरी आलो आणि तिचे ब्रश धुतले.

ब्रश धुतले, कारण तैलरंग ब्रशात वाळला की केस कडक होतात आणि ब्रश फेकून द्यावा लागतो. हे तिनेच मला शिकवलं होतं. पुढे भेटायला आलेल्या एका बाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "शॉकमध्ये माणूस असंच काहीतरी करतो." मी शॉकमध्ये नव्हतो. मला ब्रश खराब होऊ द्यायचे नव्हते, इतकंच. पण घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्याच्या प्रत्येक हालचालीला अर्थ चिकटवण्याचा हक्क लोकांना आपोआप मिळतो, आणि जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या आमच्या मराठी मंडळाने तो हक्क पुरेपूर वापरला.

ती आफ्रिकेतले शिकारी पक्षी रंगवायची. पुण्यात प्राणिशास्त्र शिकलेली होती. लग्नानंतर माझ्याबरोबर इथे आली आणि भाषा शिकता शिकता चित्रांकडे वळली. मी एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या सूचनापुस्तिका लिहितो. त्या कोणी वाचत नाही. तिची चित्रं कोणी बघत नसे. त्यामुळे आमच्या घरात बरोबरी होती.

आमच्या फ्लॅटच्या नकाशात उत्तरेकडच्या खोलीवर ‘किंड’ असं छापलेलं आहे, म्हणजे मूल. इथल्या घरांच्या नकाशात तसं असतंच; दोनपेक्षा जास्त खोल्या असल्या की एक मुलाची, हे बिल्डरने गृहीत धरलेलं असतं. उत्तरेचा प्रकाश दिवसभर एकसारखा राहतो, म्हणून तिने ती खोली चित्रांसाठी घेतली. आम्हाला मूल नको होतं. हे आम्ही दोघांनी लग्नाआधीच, पौड रस्त्यावरच्या एका हॉटेलात डोसा खाताना ठरवलं होतं, आणि नंतर त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही ते कोणाला सांगितलं नाही, कारण कोणाचा संबंध नव्हता. मंडळात मात्र त्या खोलीची एक करुण कथा तयार झाली होती. दिवाळीच्या फराळाला घरी आलेली एखादी बाई त्या खोलीच्या दारात उभी राहायची, आत मांडलेल्या गिधाडांकडे बघायची आणि सुस्कारा सोडायची. गिधाडांकडे पाहून सुस्कारा सोडणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

"आफ्रिकेतलेच का?" हा प्रश्न सगळे विचारायचे. जर्मन विचारायचे, आमचा समुद्रगरुड का नाही? मराठी विचारायचे, आपला गरुड का नाही?

"आपल्या गरुडावर आधीच कोणीतरी बसलेलं आहे," ती म्हणायची. "आणि यांचा गरुड जाऊन नाण्यावर आणि पासपोर्टवर बसलाय. मला रिकामा पक्षी हवा."

"तिकडच्या लोकांनीही त्यांच्या पक्ष्यांना काही ना काही चिकटवलं असेलच की," मी एकदा म्हणालो.

"असेल. पण मला ते माहीत नाही ना. अज्ञानाचा एवढा तरी फायदा घेऊ दे."

रिकाम्या पक्ष्यांपैकी बहुतेक तिच्या चित्रात काहीच करत नसत. एक भला मोठा गरुड वाळक्या फांदीवर बसलेला, गळ्याखालची पिशवी गच्च भरलेली, इतकं खाल्लेलं की उडायचा विचारही नको. दुसरा एक, ज्याला जर्मनमध्ये गाउकलर म्हणतात, म्हणजे डोंबारी, तो जमिनीवर पंख पसरून उन्हाकडे तोंड करून उभा. वाळत घातलेल्या छत्रीसारखा. झाडाच्या ढोलीत खांद्यापर्यंत पाय घालून आत चाचपडणारा एक राखी ससाणा होता. त्याचा पाय पुढे वाकतो तसा मागेही वाकतो, त्यामुळे तो ढोलीतली पिल्लं हाताने काढावीत तशी काढतो. गिधाडाचं सगळ्यात मोठं चित्र पाठमोरं होतं. त्यात डोकंच दिसत नव्हतं, कारण ते मेलेल्या झेब्र्याच्या आत होतं.

एकदा एक गॅलरीवाले गृहस्थ चित्रं बघायला घरी आले. कॉर्डुरॉयचा कोट, गळ्यात मफलर, घरातसुद्धा. त्यांनी प्रत्येक चित्रापुढे मान तिरकी केली आणि म्हणाले, "तंत्र उत्तम आहे. पण यात आफ्रिका कुठे आहे?"

"सगळी आफ्रिकाच आहे," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे... ती उष्णता. लाल आकाश. झेप."

"झेप तो दिवसातून एखाद्या वेळी घेतो. उरलेला दिवस बसतो. मी उरलेला दिवस रंगवते."

"गेनाऊ," ते म्हणाले. गेनाऊ म्हणजे ‘अगदी बरोबर’; अजिबात पटलेलं नसताना इथले लोक हा शब्द विशेष आपुलकीने वापरतात. मग त्यांनी एखादा सूर्यास्त करून पाहायचा सल्ला दिला, चहा अर्धा ठेवला आणि गेले.

"याच्या दिवाणखान्यात सिंह असणार," दार लावून ती म्हणाली. "सूर्यास्तासमोर. मफलर घातलेला."

जवळच्या एका डोंगरी किल्ल्यावर शिकारी पक्ष्यांचे खेळ होतात. तिथे आफ्रिकेतलेही दोन-तीन पक्षी होते, म्हणून ती जायची आणि मी सोबतीला. मोठ्याने संगीत वाजायचं, मध्ययुगीन कपडे घातलेला एक इसम मायक्रोफोनवर आकाशाच्या राजाचं स्वागत करायचा, आणि आकाशाचा राजा मेलेल्या कोंबडीच्या पिल्लासाठी एका हातमोज्यावरून दुसऱ्या हातमोज्यावर जायचा. लोक टाळ्या वाजवायचे. ती फक्त डोकी आणि चोची काढायची. पाय कधी काढले नाहीत, कारण पायांना चामड्याचे पट्टे होते. "पट्ट्यांसकट काढले तर पाय खोटे, पट्टे गाळून काढले तर मी खोटी," ती म्हणायची.

खरे पक्षी पाहायला आम्ही दोनदा आफ्रिकेत गेलो. दुसऱ्या खेपेला झिंबाब्वेच्या दक्षिणेला गेलो होतो. तिथे मोठाले गोल खडक एकावर एक रचून ठेवल्यासारखे उभे आहेत आणि त्यांच्या कड्यांवर काळा गरुड राहतो. अंगभर शाईसारखा काळा, पाठीवर पांढरी खूण, चोचीच्या मुळाशी आणि डोळ्याभोवती पिवळा. कपारीत काटक्यांचं रुंद घरटं होतं. आम्ही समोरच्या खडकावर तिकाटणं मांडून त्यावर दुर्बीण लावली आणि बसलो.

घरट्यात दोन पिल्लं होती, पांढऱ्या कापसाची. एक आधी अंड्यातून बाहेर आलेलं, दुसरं काही दिवसांनी. मोठं पिल्लू धाकट्याला मारत होतं. मानेची कातडी चोचीत धरायचं, पिळायचं, सोडायचं, दम खायचं, पुन्हा धरायचं. अन्न कमी होतं म्हणून नव्हे. घरट्यात सशाएवढा एक खडकावरचा प्राणी मारून आणलेला होता आणि अर्ध्याहून अधिक शिल्लक होता. मादी शेजारी उभी होती. ती मोठ्या पिल्लाला घास द्यायची. धाकट्याला मान वर करता येत नव्हती, आणि जे मान वर करून मागत नाही त्याला ती देत नाही. मध्येच ती उडून गेली आणि चोचीत हिरव्या पानांची डहाळी घेऊन आली. काळे गरुड घरट्यात ताजी पानं अंथरतात. तिने ती डहाळी घरट्याच्या कडेला ठेवली, जराशी सरकवली, नीट बसली आहे का ते पाहिलं. तिच्या पायाशी ते चाललंच होतं.

मी दुर्बिणीपासून बाजूला झालो. "किती क्रूर," मी म्हणालो.

"चष्मा पूस," ती म्हणाली. माझ्या जागी येऊन तिने दुर्बिणीला डोळा लावला होता. "क्रूर कुठे? तिला राग नाही, दुःख नाही, मजाही नाही. ती पानं लावतेय."

"मग तू काय रंगवणार?"

"पानं लावतेय ते."

ते चित्र रंगवायला तिला वर्षं लागली. पिल्लं सोपी होती, खडकही सोपे. अडचण होती मादीच्या डोक्याची. गरुडाच्या डोळ्यावर हाडाची कड असते, त्यामुळे तो आपल्याला रागावलेला दिसतो. ती कड मऊ केली की लगेच प्रेमळ दिसायला लागतो. दोन्ही खोटं. तिने ते डोकं पुन्हा पुन्हा रंगवलं. एकदा मला वाटलं की झालं, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिने सबंध डोकं पात्याने खरवडून काढलेलं. "डोळ्यात माया आली होती," ती म्हणाली, एखाद्या भाजीत अळी सापडावी तशा आवाजात.

ती पडली त्या सकाळी डोकं पूर्ण झालं होतं. तिने मला हाक मारली.

"बघ, हिला काही वाटतंय का?"

"नाही."

"नीट बघ."

"काही म्हणजे काही वाटत नाहीये हिला."

"झालं तर मग," ती म्हणाली आणि धाकट्या पिल्लाकडे वळली. मी चहा करायला गेलो.

म्हणून ते चित्र मला जसंच्या तसं ठेवायचं होतं. बाकी मला कशाचीच फारशी फिकीर नव्हती. दिवस कसे करायचे, कोणाला कळवायचं, जेवण कोण आणणार, हे सगळं लोकांनी ठरवलं आणि मी मान हलवत गेलो. लोक डबे घेऊन आले. "अहेव गेली हो, भाग्यवान," असं तीन वेगवेगळ्या बायकांनी मला, माझ्याच सोफ्यावर बसून सांगितलं. नवरा जिवंत असताना मरणं हे भाग्य, आणि तो नवरा मी. म्हणजे माझं हे जिवंत असणंच त्यांच्या मते तिची कमाई होती. मी त्यांना चहा दिला.

मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी दोघेही आले. अध्यक्ष मोठ्या आवाजाचे, प्रत्येक वाक्यानंतर ‘जा, जा’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो, हो’, म्हणून स्वतःलाच दुजोरा देणारे. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणतात. त्या मला भाऊजी म्हणतात. अध्यक्ष मला विम्याबद्दल समजावत असताना वहिनी उठून उत्तरेकडच्या खोलीत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अय्या, किती गोड! अहो, इकडे या! दादा बाळाला भरवतोय!"

मी जागेवरून उठलो नाही. अध्यक्ष गेले. फोटो काढल्याचा आवाज आला.

"आणि ती बघा, आई घरट्याला तोरण बांधतेय," वहिनी म्हणत होत्या. "बिचारीने काय काय मनात साठवलं होतं हो."

मी आत जाऊन म्हणालो, "ते मोठं पिल्लू धाकट्याला मारतंय, वहिनी. आणि चित्र ओलं आहे, हात लावू नका."

"हो का," त्या म्हणाल्या, आणि माझ्या दंडावर थोपटलं. वेड्या माणसाला थोपटतात तसं.

आठवड्याभरात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रद्धांजली सभेचं निमंत्रण आलं. वर तिचा फोटो, खाली तेच चित्र, आणि चित्राखाली सोनेरी अक्षरांत ‘वात्सल्य’. मी अध्यक्षांना फोन केला.

"ते नाव काढा," मी म्हणालो. "चित्रात एक पिल्लू दुसऱ्याला ठार मारतंय."

"अहो, ऐका. लोक शनिवार मोडून येणार. र्युसेल्सहाइमहून येणार, फ्रँकफुर्टहून येणार, मुलांना घेऊन येणार. त्यांना मी हे सांगू?"

"हो."

"काहीतरी पॉझिटिव्ह नको का? आणि इंटरप्रिटेशन ज्याचं त्याचं असतं. आर्ट आहे ना शेवटी."

"पिल्लाची मान चोचीत आहे. त्यात इंटरप्रिटेशन काय?"

"जा, जा, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो."

तरी मी चित्र दिलं. इतक्या वर्षांत तिचं एकही चित्र भिंतीवरून उतरून लोकांसमोर गेलं नव्हतं. चित्र प्रत्यक्ष समोर असलं, फोनच्या काचेत नाही, तर निदान चार माणसांना दिसेल काय चाललंय ते, असं मला वाटलं. नाव काढायचं आणि कोणी हात लावायचा नाही, एवढ्या दोनच अटी घातल्या. अध्यक्ष म्हणाले, "गेनाऊ, गेनाऊ." अर्थ मला माहीत असायला हवा होता.

हाडं जाळून जो काळा रंग करतात तो तैलरंगात सगळ्यात हळू वाळतो. जाड थर दिला तर महिनोन्महिने आतून मऊ राहतो. चित्र मी स्वतः गाडीच्या मागच्या सीटवर उभं धरून नेलं. गाडी मंडळातल्या कोणाचीतरी होती, परतीच्या प्रवासाचं कोणी काही बोललं नव्हतं.

सभा ब्युर्गरहाउसच्या, म्हणजे इथल्या नागरी सभागृहाच्या, हॉलमध्ये होती. आगीच्या भोंग्यामुळे हाउसमाइस्टरने, म्हणजे तिथल्या देखभाल करणाऱ्या माणसाने, समई पेटवू दिली नाही, म्हणून समईच्या प्रत्येक पाकळीत बॅटरीवर लुकलुकणारी प्लॅस्टिकची पणती ठेवलेली होती. तिच्या फोटोला कापडी झेंडूंचा हार. शेजारी स्टँडवर चित्र, आणि चित्राखाली, पुठ्ठ्यावर छापून, ‘वात्सल्य’. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते माइकची वायर तपासत होते.

पडद्यावर तिचे फोटो दाखवले. पार्श्वभूमीला बासरी. त्यांतल्या निम्म्या फोटोंत ती कोणाच्या तरी मागे अर्धी दिसत होती, कारण ते फोटो तिचे नव्हतेच. मंडळाच्या कार्यक्रमांचे होते. मग अध्यक्ष बोलले. एका माणसाने दुसऱ्याला न ओळखता त्याच्याबद्दल किती वेळ बोलावं याला मर्यादा नसते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या मते ती निसर्गप्रेमी होती, हसतमुख होती, आणि पक्षीराज गरुडाची तिच्यावर कृपा होती. शेवटी त्यांचा आवाज भरून आला.

"देवाने त्यांची कूस उजवली नाही," ते म्हणाले, "पण या पाखरांना त्यांनी पोटच्या पोरांसारखं वाढवलं."

रुमाल बाहेर निघाले. हॉलभर नाकं शिंकरली गेली. मी ते वाक्य ऐकत बसलो होतो, आणि माझ्या शेजारचा एक गृहस्थ माझ्या गुडघ्यावर हात ठेवून होता. मी त्याला त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

मग वहिनी पुढे आल्या. सवाष्ण गेली आहे, ओटी भरायला हवी, असं म्हणून त्यांनी फोटोपुढे नारळ, तांदूळ आणि खण ठेवला. फोटोच्या काचेवर हळद लावली, कुंकू लावलं. इथवर ठीक होतं; काच पुसता येते. मग त्या चित्राकडे वळल्या. "हिचं आईपण हिच्यात आहे," असं काहीतरी म्हणाल्या आणि करंगळीशेजारच्या बोटाने, देवीच्या मूर्तीला लावतात तसं, चांगलं दाबून, मादीच्या कपाळावर कुंकू लावलं.

बोट आत गेलं. मी ते रांगेतून पाहिलं.

"अगंबाई, ओलं आहे की हे!" त्या म्हणाल्या, आणि काळं झालेलं बोट कागदी रुमालाला पुसलं.

मी उठून पुढे गेलो. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं. माइक अध्यक्षांच्या हातात होता, तो त्यांनी आपणहून दिला. बहुधा त्यांना वाटलं मी आभार मानणार.

"हे पिल्लू त्या पिल्लाला मारतंय," मी म्हणालो. "भरवत नाही. धाकटं दोन-तीन दिवसांत मरेल. आई बघतेय आणि तिला काहीच वाटत नाही. ती तोरण बांधत नाही, पानं ठेवतेय. हेच रंगवायला माझ्या बायकोला इतकी वर्षं लागली. आम्हाला मूल नको होतं, म्हणून आम्हाला मूल नव्हतं. पक्ष्यांना ती मुलांसारखं वाढवत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती. चित्र तुमच्यासमोर तासभर उभं आहे. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही दिसलं असतं."

समईत बॅटरीच्या पणत्या लुकलुकत होत्या. पहिल्या रांगेतल्या एका माणसाने खिशातून फोन काढला, निमंत्रणातला फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा करून पाहिला. चित्र त्याच्यापासून चार हातांवर होतं. एका आईने मुलीचं तोंड आपल्याकडे फिरवलं. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सदमा आहे हो."

"आल्झो, तर मग," अध्यक्षांनी माइक माझ्या हातून काढून घेतला, "बाहेर कॉफी आणि बटाटेवडे तयार आहेत."

खुर्च्या सरकल्या. वड्यांची चटणी संपू नये म्हणून लोक लगबगीने गेले. वहिनी माझ्याजवळ आल्या, डोळ्यांत पाणी. "भाऊजी, मी इतक्या मायेने लावलं हो."

"वहिनी, ती मायाच तिने एकदा खरवडून काढली होती," मी म्हणालो. त्यांना ते कळलं नाही, आणि समजावण्याइतका माझा त्यांच्यात जीव नव्हता.

चित्र मी ट्रामने घरी आणलं. रंगाला कशाचा स्पर्श होऊ नये म्हणून ते बाहेरच्या बाजूला तोंड करून धरावं लागलं. समोर बसलेल्या एक वृद्ध जर्मन बाई बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिल्या आणि उतरताना म्हणाल्या, "किती सुंदर! एक कुटुंब!" तेव्हा मला मंडळाला थोडा न्याय द्यावासा वाटला. हा मराठी माणसाचा खास दोष नव्हता.

घरी उजेडात पाहिलं. काळ्या रंगात बोटाचा खळगा पडला होता, कडेला रंगाचा लहानसा वरंबा उठला होता, आणि खळग्यात कुंकू. कुंकवामुळे मादी बदलली होती. ती आता शोभेची झाली होती. कॅलेंडरवरची. तिच्या पायाशी काय चाललंय ते मलासुद्धा क्षणभर दिसेना.

सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. त्यांना सगळं कळलं होतं. असल्या बातम्या व्हिसाशिवाय पोचतात. त्या प्रवास करू शकत नव्हत्या, म्हणून सभा त्यांनी कोणाच्यातरी फोनवर पाहिली होती.

"अहो, मी एक बोलू का?" त्या म्हणाल्या. "राहू द्या ना ते कुंकू. सवाष्ण गेली माझी लेक. तिच्या हातचं शेवटचं काम. लागलं कुंकू तर लागलं."

या बाईंबद्दल मला कधी तुच्छता वाटली नाही.

"आई, तिने लावलं असतं का हो?"

पलीकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"ती कसली लावतेय," त्या अखेर म्हणाल्या. "संक्रांतीला मी लावायला गेले तर मान मागे घ्यायची. घोड्यासारखी." मग म्हणाल्या, "तुम्ही बघा काय ते. तिचं तुम्हालाच जास्त ठाऊक." आणि फोन ठेवला.

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचा पत्ता मिळाला. टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला वेळ लागला, तोवर मी त्या खोलीत फारसा गेलो नाही. त्यांच्या कामाच्या जागी थिनरचा वास होता आणि बोलणं फार नव्हतं. त्यांनी डोक्यावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं आणि बराच वेळ कपाळ पाहिलं.

"ही पूड ओल्या तेलात मुरली आहे," त्या म्हणाल्या. "वेगळी निघणार नाही. ती काढायची तर तेवढा रंगही निघेल, कापडापर्यंत. नाहीतर आहे तसं राहू द्या."

"काढा."

"काढल्यावर मी तिथे काळा भरून देऊ शकते. रंग जुळवता येतो. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल."

त्यांनी मान डोलावली आणि पातं उचललं. चित्रात काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही, छान आहे असं म्हणाल्या नाहीत, माझी कोण गेली हेही विचारलं नाही. त्या संपूर्ण काळात भेटलेल्या माणसांत मला सहन झालेली तेवढी एकच. पात्याच्या टोकावर जो काळा-लाल गोळा आला तो त्यांनी कापसाला पुसला आणि कापूस डब्यात टाकला.

मंडळाने नंतर मला एक ई-मेल पाठवला, की झाल्या प्रकाराबद्दल कोणाच्या मनात काही नाही. पुढच्या गणपतीचं निमंत्रणही त्यातच होतं. मी उत्तर दिलं नाही. अध्यक्षांनी ग्रुपवरचं ‘वात्सल्य’ काढलं नाही. ते अजूनही तिथे आहे आणि त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग आहे.

चित्र आता उत्तरेकडच्या खोलीत भिंतीवर आहे. काळा रंग वाळला आहे. धाकट्या पिल्लाचा एक पंख रंगवायचा राहिला आहे. मादीच्या कपाळावर बोटाच्या टोकाएवढी जागा उघडी आहे आणि तिथे कापडाची वीण दिसते. बाकी सगळं तिने रंगवलेलं आहे.